दहा हातांचा ऑक्टोपस

ऑक्टोपसला आठ हात असतात, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर आमच्या ऑक्टोपसला दहा झाले होते.

चौतीस वर्षं मी जबलपूरच्या एका फॅक्टरीत तपासणी खात्यात काढली. सुट्या भागात केसाएवढा फरक दिसला तरी मी माल परत पाठवत असे. (समुद्र मात्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. आमच्याकडे नर्मदा आहे. तिच्यात ऑक्टोपस नसतो!) त्यामुळे दहा वर्षांची नात ओवी म्हणाली, "आजोबा, स्कूल में प्रदर्शनी है, मिट्टी का समुद्री जीव बनाना है, एकदम असली दिखना चाहिए," तेव्हा मी छाती फुगवली.

"अगं, अचूकपणा म्हणजे तुझा आजोबा!"

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी ओवीचा गट गढा भागातल्या आमच्या घराच्या अंगणात जमला. सगळं काही माहीत असलेला कार्तिक, भांडायलाच जन्मलेले दोन जुळे भाऊ आणि शेजारची चिनू, जी दिवसाला दोन वाक्यं बोलते, तीही शेजारधर्म म्हणून. मी कुंभाराकडून माती आणली आणि फॅक्टरीच्या शिस्तीत कामं वाटली. धड माझं, प्रत्येकाने दोन-दोन हात करायचे. काय चोख विभागणी! पाच दुणे किती, हा हिशेब त्या वेळी कोणीच केला नाही. तपासणी खात्यानेही नाही.

कार्तिकने संध्याकाळी मोजलं. "दादाजी, ये तो दस हैं! ऑक्टोपस के आठ होते हैं!"

"दोन जास्तीचे ठेवू. कामाला येतील," मी म्हणालो.

"असली दिखना चाहिए!" ओवी कडाडली. मग दोन हात कोणाचे काढायचे यावरून रण पेटलं. जुळे एकमेकांचे हात काढायला निघाले. (मातीचे. नंतर खरेही.) त्या गोंधळात चिनू हळूच म्हणाली, "मेरे वाले पतले हैं। मेरे निकाल दो।"

मी तिचे हात उचलून पाहिले. लांबलचक, बारीक, आणि टोकाला पेनाच्या टोपणाने उमटवलेली, पकडीसाठीची गोल चोषकं, एकसारखी, दोन ओळींत. दुपारभर मान खाली घालून ती हेच करत होती. चौतीस वर्षांत इतकं स्वच्छ काम माझ्या टेबलावर आलं नव्हतं, आणि ते मी परत पाठवू?

"एकही हात निघणार नाही!" मी गरजलो. आता काय करायचं ते मात्र मला माहीत नव्हतं.

वाचवलं ओवीने. पुस्तक चाळता चाळता ती ओरडली, "आजोबा, स्क्विड! आठ भुजा, और दो लंबे वाले अलग! टोटल दस!" कोकणात ज्याला माकूळ म्हणतात, तोच हा प्राणी. दोन लांब वाले अर्थातच चिनूचे! मी गोल धड दाबून निमुळतं केलं, बाजूला दोन पंख लावले. चिनूच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यापुढे मला पेन्शनही फिकी वाटली.

इथेच थांबलो असतो तर!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बारीक हात वाळले, पण डिसेंबरच्या थंडीत धड मात्र चिखलासारखं ओलंच. बायको, सुधा, बहिणीला भेटायला सिहोऱ्याला गेलेली. आणि स्वयंपाकघरात तिचा नानखटाईचा ओव्हन मोकळा! धड तेवढं मी आत ठेवलं.

"दादाजी, ये फटेगा तो नहीं?" कार्तिकने विचारलं.

"बेटा, मी तोफांच्या फॅक्टरीत होतो," मी म्हणालो आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

धडाम!!

ओव्हनचं दार उघडून वाटाण्याच्या डब्यावर आदळलं. माकुळाचा एक डोळा असलेला तुकडा छताच्या पंख्यावर जाऊन बसला, बाकीचा समुद्र दह्यात. कुंपणापलीकडून चिनूचे वडील ओरडले, "भाईसाहब, फैक्टरी का काम घर ले आए क्या?" आणि नेमकी त्याच क्षणी हातात पिशवी घेऊन सुधा दारात उभी!

"काय करून राहिले तुम्ही?"

"माकूळ भाजत होतो."

"आपल्या घरात? मासळी?"

"मातीचा आहे गं!"

"मग माती काहून भाजता? अन् माझ्या ओव्हनमध्ये?"

ती आणखी बरंच बोलणार होती. पण तिचं लक्ष मुलांकडे गेलं. पाचही भिंतीला टेकून उभी. चिनूने वाळलेले दहाही हात फ्रॉकच्या ओच्यात धरले होते. प्रदर्शन उद्या सकाळी.

सुधाने पिशवी ठेवली, पदर खोचला. "धड भरीव केलं होतं?"

"हो."

"शाब्बास! आत वाफ कोंडली, जाईल कुठे? तेलात करंजी कशी फुटते, पाहिलं नाही का कधी?" तिने उरलेली माती घेतली आणि करंजीची पारी लाटावी तशी पातळ लाटून नळकांडं वळलं. आत पोकळ, खाली भोक. ओवीने हेअर ड्रायर धरला, जुळ्यांनी आळीपाळीने. (न भांडता! मी तारीख लिहून ठेवणार होतो.) दिवेलागणीला धड वाळलं, दहा हात गोंदाने चिकटले, कार्तिकने लालसर रंग दिला. मला फक्त पंखा पुसायचं काम मिळालं.

सकाळी शाळेत आमच्या टेबलाभोवती गर्दी. चिनू प्रत्येकाला लांब हात दाखवून सांगत होती, "ये शिकार पकड़ते हैं। मैंने बनाए हैं।" सकाळपासून तिची वीस-एक वाक्यं तरी झाली होती!

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "बहुत बढ़िया! अगले साल इसी ग्रुप को ज्वालामुखी देंगे। बना लोगे?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चिनूने माझ्याकडे बोट दाखवलं.

"वो तो दादाजी अकेले बना लेते हैं।"