आवडत्या लेखकाला स्टेशनवरून आणताना

धुळ्यात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि वाचायला मराठी, अशी माझी वाटणी लहानपणापासून पक्की. गल्ल्याखालच्या खणात एक कादंबरी कायम असते. गिऱ्हाईक आलं की खण बंद, गेलं की उघडा. वडिलांना, म्हणजे बाबूजींना, हे मुळीच पसंत नव्हतं. "वाचून होतं काय?" असं ते विचारायचे.

माझे सगळ्यांत आवडते लेखक पुण्याचे. त्यांच्या साऱ्या कादंबऱ्या मी वाचल्यात, काही तर दोनदोनदा. त्यातली एक मला फार छळायची. समुद्रकाठच्या गावातली एक बाई लोकांचे कपडे शिवून घर चालवते, एक दिवस नवऱ्याला सोडून निघून जाते आणि शेवटच्या पानावर परत येते. दार वाजवत नाही. नुसती ओट्यावर बसते. कादंबरी संपली! का परत आली ती?

वाचलेली कादंबरी जेवताना बायकोला सांगायची, ही माझी सवय. ती स्वतः पुस्तक हातात धरत नाही, पण वाढता वाढता ऐकते सगळं. ही गोष्ट ऐकून ती म्हणाली, "मशीन न्यायला आली असेल. शिलाई मशीन तिनं स्वतःच्या कमाईतून घेतलेलं ना? ते काय त्याच्याकडे सोडायचं?"

"साहित्यात इतकं सोपं नसतं," मी म्हणालो.

"मग राहू द्या. वरण घ्या," ती म्हणाली.

गेल्या वर्षी हिवाळ्यात माझ्या मेहुण्याचा जळगावहून फोन आला. तो पाइपचा मोठा व्यापारी. शाळा सुटल्यापासून त्यानं रेटलिस्टशिवाय काही वाचलेलं नाही. पण गावात ग्रंथमहोत्सव ठरला, मंडप त्यानं दिला, आणि त्यामुळे तो स्वागत समितीचा अध्यक्ष झाला. "जीजाजी, पुण्याहून कोणी लेखक येताहेत," त्यानं नाव वाचून दाखवलं. "तुमचेच ना ते? मग स्टेशनवर तुम्हीच जा. मी गेलो तर बोलू काय त्यांच्याशी?"

महोत्सवाच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. नवा कुर्ता इस्त्री करून घेतला. बायकोही निघाली, जळगाव तिचं माहेर. तिला माहेरी सोडून मी गाडी येण्याच्या कितीतरी आधी फलाटावर जाऊन उभा राहिलो.

कादंबरीच्या मागच्या कव्हरवर त्यांचा फोटो होता, काळेभोर केस, नजर दूर कुठंतरी. डब्यातून उतरले ते टक्कल पडलेले, कानात इअरफोन घातलेले गृहस्थ. मी भारावून पाया पडायला वाकलो. त्यांना वाटलं, मी बॅग घ्यायला वाकलोय. त्यांनी बॅग माझ्या हातात दिली आणि विचारलं, "एसी आहे ना गाडीत?"

गाडीत मी बोलायला शब्द शोधत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "इथलं सोनं चांगलं असतं म्हणे."

"हो सर."

"आणि भरीत?"

"तेही चांगलं, सर."

दोन्ही दुकानांची नावं त्यांनी नीट विचारून घेतली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी हिंमत केली. "सर, ती शिवणकाम करणारी बाई शेवटी परत का येते?"

"कुठली बाई?"

मी सांगितलं. समुद्र सांगितला, नवरा सांगितला, ओटा सांगितला. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"परत येते का ती?" त्यांनी विचारलं.

"येते ना सर. शेवटच्या पानावर."

"अरे वा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, का येत असेल?"

इतकी वर्षं मी त्या ओट्याचे निरनिराळे अर्थ लावले होते. ऐन वेळी एकही आठवेना. जे तोंडात आलं ते बोललो. "माझी बायको म्हणते, मशीन न्यायला."

"मशीन. हं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. ते दुखावले असतील असं वाटून मी सगळं लक्ष रस्त्यावर ठेवलं.

मैदानावर मंडप झकास होता. पुस्तकांच्या स्टॉलवर स्पर्धा परीक्षेची गाइडं, पाककृती आणि लोकांना श्रीमंत करणारी पुस्तकं होती. आमच्या लेखकांचं एकही नव्हतं. मी विचारल्यावर स्टॉलवाला म्हणाला, "ते येणारेत हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, शेठ." खरी गर्दी पलीकडे पापड-कुरडयांच्या स्टॉलवर होती. माहेरून परस्पर पोचलेली बायको तिथूनच पिशवी भरून आली आणि माझ्याशेजारी बसली.

मग सत्कार सुरू झाले. मंडपवाल्याचा, म्हणजे मेहुण्याचा. खुर्चीवाल्यांचा. ज्यांच्या हस्ते सत्कार झाले त्यांचा. सूत्रसंचालकानं आमच्या लेखकांना 'ज्येष्ठ कवी' म्हणून तीनतीनदा पुकारलं. त्यांनी जन्मात कवितेची ओळ लिहिलेली नाही. प्रमुख पाहुणे म्हणाले की त्यांना वाचनाची फार आवड, पण वेळच मिळत नाही. वेळ कसा मिळत नाही हे सांगण्यात त्यांनी जवळजवळ तास घेतला. मागच्या रांगेतल्या एका आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "यासमा लेखक कोनता शे, भाऊ?" यांच्यातला लेखक म्हणून मी शालींच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

अखेर लेखक माइकपाशी आले. मेहुणा त्यांच्या कानात "सर, थोडक्यात" असं कुजबुजला, ते माइकमधून सगळ्यांनी ऐकलं.

"माझ्या एका कादंबरीतली बाई," लेखक म्हणाले, "शेवटी घरी परत येते. ती का येते, हे वाचक मला वर्षानुवर्षं विचारताहेत. मी मौन पाळलं. आज खानदेशच्या भूमीत ते रहस्य प्रथमच उलगडतो." मागचे आबाही पुढं सरकून ऐकू लागले. "ती नवऱ्यासाठी आली नव्हती. ती आपलं शिलाई मशीन न्यायला आली होती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि माझी बायको उभी राहिली.

"अहो, हे तर मी म्हणाले होते!"

तिला माइकची गरज नसते. सगळा मंडप वळून बघू लागला. मी तिच्या पदराचं टोक ओढत होतो. "ताई, बस ना!" मेहुणा स्टेजवरून ओरडला.

लेखकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात जोडले. "लेखकाच्या मनातलं वाचकाला असं आपसूक कळतं. यालाच मी साहित्य म्हणतो." टाळ्या आधीपेक्षा जोरात. त्यांनी तिला स्टेजवर बोलावलं आणि स्वतःच्या शालींतली एक तिला पांघरली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरात तिचाच फोटो होता, खाली छापलेलं, 'ज्येष्ठ कवयित्री'.

कार्यक्रमाच्या दिवशीच संध्याकाळी त्यांना परत स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा मी घुश्शात होतो. ज्या बाईसाठी मी इतकी वर्षं झुरलो ती यांना आठवतही नाही, आणि वर रहस्य म्हणे! बॅग मी मुद्दामच उचलली नाही. फलाटावर ते आपणहून म्हणाले, "रागावलात ना? खरं सांगतो, लिहून झालं की मी माणसं सोडून देतो. नाहीतर पुढची येत नाहीत." मग हळूच म्हणाले, "हल्ली सोडूनही येत नाहीत. नव्या कादंबरीत वर्षभर अडकलोय. वहिनींचा नंबर द्याल?"

मला हसू आलं, आणि राग कुठं गेला ते कळलं नाही. नंबर दिला.

मला वाटलं, ते विसरतील. पण होळीच्या सुमारास एका दुपारी खरंच फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि वांगी चिरायला घेतली. त्यांनी गोष्ट सुरू केली. एक निवृत्त न्यायाधीश, त्याचा बंगला, त्याचा एकटेपणा, पाऊस, आठवणी, पुन्हा पाऊस. मी दारात उभा राहून ऐकत होतो. माझ्या आवडत्या लेखकाची, अजून कोणीच न वाचलेली कादंबरी माझ्या स्वयंपाकघरात चालली होती.

गोष्ट संपली. "आता सांगा वहिनी, शेवट काय करू?"

बायकोनं विळी बाजूला सारली. "भाऊ, खरं सांगू का? मला ही गोष्टच आवडली नाही."

मी कपाळावर हात मारला.  फोन उचलून सारवासारव करायला मी पुढं झालो, तेवढ्यात ते म्हणाले, "मलाही नाही आवडत ती. पण पुण्यात हे कोणाला सांगणार?"

ती कादंबरी अजून आलेली नाही.