निलगिरीचा रुमाल

निलगिरीच्या तेलाचा वास आला की निजामपुऱ्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत दोनच अर्थ निघत: एक तर कुणाच्या घरी सर्दी आहे, नाही तर कुणाच्या घरी मरण आहे. वासापाठोपाठ डावीकडे कललेली एक स्कूटर येई, आणि स्कूटरवरून, तिच्याहून थोडे अधिक कललेले, आमचे पाळकसाहेब उतरत. सबंध बडोद्यात त्यांच्याइतका वाईट उपदेशक झाला नाही आणि त्यांच्याइतका चांगला पाळक यापुढे होणार नाही, ही दोन्ही विधाने मी पूर्ण जबाबदारीने करते. पहिल्याला उरलेली सगळी मंडळी साक्ष देईल. दुसऱ्याला साक्ष देऊ शकणारी बहुतेक माणसे आता मातीखाली आहेत.

तो वास खरे तर त्यांचा नव्हता, पाळकबाईंचा होता. मार्चमधला कडुनिंबाचा मोहोर, मेमधली धूळ, पावसाळ्यातली ओल, यांपैकी काहीही पाळकसाहेबांच्या नाकाला सोसत नसे. म्हणून पाळकबाई रोज सकाळी त्यांच्या पांढऱ्या रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून तो घडी करून खिशात ठेवत. त्या घडीतून तो वास झग्याला लागे, झग्यातून पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पुस्तकाला, आणि पुस्तकातून, माझ्या लहानपणीच्या समजुतीप्रमाणे, देवाला. कितीतरी वर्षे मला स्वर्ग निळसर, थंडगार आणि नाक मोकळे करणारा वाटत असे.

व्यासपीठावर ते उभे राहिले की मंडळी घड्याळाकडे बघत नसे. गरजच पडत नसे. स्वतःला न पटलेले वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडत नसे आणि वाक्य पटायला त्यांना फार वेळ लागे. एका ईस्टरला, सगळे नवे कपडे घालून, लिलीच्या फुलांच्या जड वासात बसलेले असताना, ते येशूच्या कबरीच्या तोंडावरच्या दगडापर्यंत आले आणि थांबले. वर पंखा किरकिरत होता. मग म्हणाले, "दर वर्षी मी तुम्हांला सांगतो की तो दगड सरकलेला होता, येशू उठला होता. यंदा मला तो सरकलेला दिसत नाहीये. पुढच्या वर्षी पुन्हा बघतो. आपण गाऊ या." आणि स्वतःच, हार्मोनियमच्या कुठल्याही पट्टीत न सापडणाऱ्या सुरात, गायला लागले. उपासना संपल्यावर मंडळीचे चिटणीस हात जोडून म्हणाले, "पाळकसाहेब, सणाच्या दिवशी तरी सरकवायचा होता हो!" त्यावर ते कळवळून म्हणाले, "जोर लावला होता. खरंच लावला होता."

एकदा पाळकपदाची दीक्षा घ्यायला निघालेल्या तरुणांपुढे, 'विश्वासू पाळकाची लक्षणे आणि कर्तव्ये' या विषयावर बोलायला त्यांना कुणीतरी गैरसमजातून बोलावले. आधीचे वक्ते विद्वत्तेवर, चारित्र्यावर आणि वाणीच्या तेजावर बोलले होते. आमचे पाळकसाहेब उठले आणि म्हणाले, "पहिलं लक्षण, पोट. प्रत्येक घरी चहा होतो आणि दुःखाच्या घरचा चहा नाकारता येत नाही. दुसरं, मूत्राशय. कारण दुःखाच्या घरातून मध्येच उठता येत नाही. तिसरं, भाजी निवडता आली पाहिजे." तरुण हसले. पाळकसाहेब त्यांच्याकडे गोंधळून बघत राहिले, कारण त्यांचे भाषण संपले होते.

भाजीचे मात्र अक्षरशः खरे होते. घरभेटीला आले की चपला काढता काढता त्यांचा पहिला प्रश्न असे, "काही निवडायचंय का?" मेथी असो, लसूण असो, हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा असोत, ज्यांना आम्ही बडोदेकर तुवेरच म्हणतो, ते मांडीवर ताट घेत आणि कामाला लागत. शेंग उकलताना होणारा तो बारीक, ओला आवाज, हिरवा कच्चा वास, त्यावर तरंगणारी निलगिरी, आणि समोर रडणारे किंवा रडू न शकणारे माणूस. ते काही विचारत नसत. मी एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाले, "पोरी, हात मोकळे असले की माणूस उपदेश करायला लागतो."

आणि ताट संपले की ठरलेला प्रश्न येई, "थांबू की जाऊ?" हा प्रश्न ते अगदी सरळ विचारत. 'जा' म्हटले तर रागावत नसत, 'थांबा' म्हटले तर घड्याळ बघत नसत. मरणाच्या खोलीत तर ते नातेवाइकांना विचारतच नसत. खाटेवरच्या माणसाच्या कानाशी वाकून त्यालाच विचारत. बोलणे गेलेली माणसे बोटाने उत्तर देत. आमच्या मंडळीत कितीतरी वर्षे एकटे कुणी मेले नाही, आणि त्याचे कारण तो प्रश्न होता. सवय इतकी हाडात मुरली होती की रोज सकाळी घरातून निघताना, खिशात रुमाल जाताच, ते स्वतःच्या बायकोलाही उंबऱ्यात तोच प्रश्न करत. पाळकबाई हातातला केरसुणीचा बुंधा जमिनीवर आपटून म्हणत, "जा एकदाचे! मला केर काढायचाय." आणि ते आज्ञाधारकपणे जात. आम्ही सगळे या रोजच्या नाटकाला हसत असू.

त्यांच्या विसराळूपणाची सर्वांत मोठी कहाणी मांजलपुरात घडली. एका सोसायटीत आमच्यातल्या एक आजी आजारी होत्या. पाळकसाहेब चुकीच्या जिन्याने चढले, चुकीच्या दाराची घंटा वाजवली, आणि योगायोग असा की त्या घरातही एक वृद्ध बा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सुनेला वाटले, हे विम्याचे साहेब असावेत. पाळकसाहेबांना वाटले, आजींची सून गुजराती आहे हे आपण विसरलो असू. त्यांनी तुवेर मागितली, सुनेने चकित होऊन दिली. ताट संपल्यावर त्यांनी बांच्या कानाशी विचारले, आणि बा म्हणाल्या, "बेसो ने, साहेब." ते बसले. चूक त्यांना त्याच संध्याकाळी कळली, पण बांनी पुढच्या आठवड्यात यायला सांगितले होते, म्हणून ते गेले, आणि जातच राहिले. तिथे त्यांनी कधी येशूचे नाव काढले नाही; बा मात्र आपल्या बाळकृष्णापुढचा पेढा त्यांच्या तळहातावर ठेवत आणि ते तो खात. यावरून मंडळीत वादळ उठले. चिटणीस लालबुंद होऊन म्हणाले, "पाळकाने प्रसाद खायचा?" पाळकसाहेब म्हणाले, "त्यांनी हात पुढे केला होता. मी हातच बघितला." बा गेल्या त्या दिवशी मुलाने, डोळे पुसत, त्यांना जिन्यात गाठले. "साहेब, खोटुं ना लगाडता, पण तमे कोण?" राग मानू नका, पण तुम्ही कोण, या प्रश्नाला त्यांनी म्हणे उत्तर दिले, "बाजूच्या जिन्यातला."

या माणसाची टर उडवण्यात माझे वडील आघाडीवर होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी देवाशी असलेले सगळे संबंध बंद केले होते आणि पाळकसाहेबांशी मात्र रमीपुरते चालू ठेवले होते. स्कूटर थांबली की ते गॅलरीतून ओरडत, "काय हो, आज कुणाचा नंबर?" फुप्फुसांनी त्यांना खाटेवर आणले तेव्हाही हेच ओरडणे, फक्त श्वासापुरते उरलेले. पाळकसाहेब रोज येत, पत्ते पिसत, आणि रोज हरत. भाद्रपदातली ती दुपार होती. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. डाव संपला, पाळकसाहेबांनी वाकून विचारले, "थांबू की जाऊ?" बाबांनी डोळे न उघडता म्हटले, "थांबा की. हरून पळता काय?"

ते थांबले. ऊन भिंतीवरून खाली उतरले, पारव्यांचे घुमणे मंदावले, आणि नव्या डावाचे पत्ते हातात असतानाच बाबा गेले. पाळकसाहेबांनी त्यांच्या बोटांतून पत्ते अलगद सोडवले, उलटून बघितले आणि मला म्हणाले, "जिंकले होते." मी हसले आणि मग मला हुंदका फुटला. तेवढ्यात चिटणीस दारात येऊन उभे राहिले. आम्हांला वाटले, बाबांचे कळून आले असतील. पण ते खाटेकडे बघत नव्हते. ते पाळकसाहेबांकडे बघत होते.

पाळकबाईंना सकाळपासून छातीत जड वाटत होते. शेजारीण दुपारी ताक घेऊन गेली तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात बसल्यासारख्या पडलेल्या होत्या. त्या गेल्या तेव्हा घरात कुणी नव्हते. पाळकसाहेब फोन कधीच बरोबर नेत नसत. फोन वाजला की समोरचा माणूस ओशाळतो, असे त्यांचे म्हणणे होते.

बाबांच्या मातीला शास्त्र त्यांनीच वाचले. एकही चूक झाली नाही, एकदाही अडले नाहीत. ते इतके सरळ, सफाईदार वाचन ऐकून मला भीती वाटली. पाळकबाईंच्या वेळी दुसऱ्या गावाहून पाळक आले होते; आमचे पाळकसाहेब मागच्या रांगेत, हात मोकळे सोडून उभे होते. त्यांच्या अंगाला कसलाच वास नव्हता.

त्यानंतर त्यांनी पाळकपण सोडले. मंडळीही सुटत चालली होती. मुले पुण्याला, परदेशी गेली, जी राहिली ती गुजराती किंवा इंग्रजी उपासनेला जाऊ लागली. मराठी उपासना आता कधीमधी होते आणि रिकाम्या बाकांवरून आमचाच आवाज आमच्याकडे परत येतो. नवे तरुण पाळक सुरेख बोलतात आणि आजाऱ्यांना फोनवर प्रार्थना पाठवतात. ती ऐकताना हातात काही नसते.

पाळकसाहेब मांजलपुरातल्या एका फ्लॅटमध्ये एकटे राहू लागले. जो जाईल त्याला साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून एकच उत्तर मिळे. मला म्हणत, "जा पोरी, तुझी भाजी करपेल." चिटणीस गेले, त्यांनाही जा. डॉक्टर गेले, त्यांनाही जा. माणूस दर खेपेला फटीइतका बारीक झालेला दिसे. ज्यांनी एक सोडून कुणालाही एकटे जाऊ दिले नाही ते स्वतः एकटे जायची तयारी करत होते, हे आम्हां सगळ्यांना दिसत होते, आणि दाराला साखळी होती.

उत्तरायणाच्या आधीच्या दिवसांत मी पुन्हा गेले. गच्च्यांवर मुलांचा गलका होता, आकाश पतंगांच्या कागदांनी फडफडत होते. मी बाजारातून तुवेरीची मोठी पिशवी नेली होती. "जा पोरी," आतून आवाज आला. मी म्हटले, "जाते. एवढी पिशवी घ्या." पिशवी फटीतून जाईना. त्यांनी ओढून बघितली, मी ढकलून बघितली. शेवटी, निव्वळ नाइलाजाने, साखळी निघाली, आणि मी पिशवीमागोमाग आत गेले.

खोलीत बंद हवेचा, जुन्या कागदांचा वास होता. खुर्चीच्या पाठीवर रुमाल वाळत घातलेले होते, धुतलेले, कोरडे, मुके. मी जमिनीवर बसून शेंगा सोलायला लागले. ते उभेच. खूप वेळाने ते भिंतीला धरून खाली बसले आणि त्यांची बोटे ताटाकडे आली.

"त्या दिवशी तिलाही विचारलं होतं," ते शेंगेकडे बघत म्हणाले. "चेहरा पांढरा दिसत होता. थांबू की जाऊ, म्हटलं. ती म्हणाली, जा, तुमचे ते म्हातारे वाट बघत असतील. आयुष्यभर ती जा म्हणाली, पोरी. आणि मी दर वेळी खरं मानलं. इतक्या खाटांशी बसून मला एवढंही कळलं नाही."

मी पुढची शेंग उकलली. माझे हात मोकळे नव्हते.

"आता प्रार्थनेला बसलो की तोंड उघडत नाही. दगड आहे तिथेच आहे." शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. "असल्या पाळकाकडे काय म्हणून येतेस? जा तू."

ताट भरत आले. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत भिंतीशी गेला. बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि साऱ्या गच्च्या एकदम ओरडल्या. मग तो कल्लोळही ओसरला. मी टरफले गोळा केली, पदर झटकला, आणि जायला निघालेल्या माणसासारखी उभी राहिले. मग खाली वाकून, त्यांच्या कानाशी, विचारले, "पाळकसाहेब, थांबू की जाऊ?"

त्यांनी वर पाहिले नाही. ओठ 'जा'साठी उघडले, हे मला दिसले, मग मिटले. ताटातले दाणे ते एका बोटाने हळूहळू एका बाजूला सारत राहिले, जणू माझ्यासाठी जागा करत असावेत. आणि मग, ईस्टरच्या त्या दिवसासारखाच सगळा जोर लावून, म्हणाले,

"थांब."