कपड्याला पेन लावायचं नसतं

आमच्या ह्यांच्या मानेवर पहिलं गळू आलं ते बरोबर टेप घासते त्या जागी. शिंपी माणूस, गळ्यात दिवसभर टेप. हे म्हणाले, केसतोड आहे. केस आत मोडला की गळू येतं, केस निघाला की बसतं, त्याचा साखरेशी काय संबंध? आता नावातच कारण सांगितल्यावर ह्यांना डॉक्टर कशाला हवा! रक्तात साखर निघाली तेव्हासुद्धा चहातली साखर तेवढी सोडली आणि आपलं कर्तव्य संपलं असं धरून चालले. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, नाहीतर राहिल्या.

मानेवरचं फुटलं, बरं झालं, तोवर काखेत दुसरं. मग पाठीवर, मग पोटरीवर. एक बसतंय न बसतंय तोच दुसरं डोकं वर काढायचं. ह्यांचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, उशीची खोळ रोज उकळत्या पाण्यात. माझ्या हातांची सालटं निघाली. आणि हे काय करायचे, तर मशीनची सुई गॅसवर लाल करून न्हाणीघरात स्वतःच टोचून यायचे. ती सुई परत मशीनला लावत नसत, एवढी अक्कल शिल्लक होती म्हणायची.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ह्यांना समोर बसवून सांगितलं होतं. पू काढणं हे अर्धंच काम, साखर ताब्यात येत नाही तोवर गळवं येत राहणार. टोचायचं नाही, पिळायचं नाही, आलं की लगेच दाखवायचं. एखादं आत पसरलं तर जिवावर बेतेल. ह्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात आमचे हे पटाईत. गिऱ्हाईक उद्या कपडे हवेत म्हणालं की अशीच मान डोलावतात आणि आठवडाभर देत नाहीत.

खरी गोष्ट अशी की ह्यांना लाज फार. आयुष्यभर परक्यांच्या छातीपोटाची मापं घेतली, पण स्वतःचा सदरा काढायचा तर माझ्याकडेही पाठ करून. आणि त्यात आमचा जावई डॉक्टर, तोही कापाकापीचा. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी भर बैठकीत म्हणून घेतलं होतं, "अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर! सांभाळून हो." सगळे हसले. हेही हसले. आपण हसतोय ते कुणाला, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

मांडीत आतल्या बाजूला, अगदी वर, गळू आलं तेव्हा हे बोललेच नाहीत. मला कळलं ते कपडे धुताना. पँट उलटी केली तर आत मांडीच्या जागी मऊ सुती कापडाचं दुहेरी अस्तर, बारीक टाक्यांनी शिवलेलं, बाहेरून शिवण दिसणार नाही असं. अस्तराला पिवळट डाग. दुकानात बसून, गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला ठेवून, ह्या माणसाने पू लपवायला अस्तर शिवलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मी ती पँट तशीच ओली ह्यांच्यासमोर धरली. हे म्हणाले, "अगं, जुनी पँट आहे, झिजली होती." मला इतका संताप आला की मी त्यांच्या देखत लेकीला फोन लावला.

जावई त्याच संध्याकाळी आले. तर हे मांडीवर चादर घेऊन खुर्चीत बसले, आणि हवापाणी काय, इस्पितळातली गर्दी काय, सगळं विचारलं. दुखण्याचं तेवढं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती लपवायचं! शेवटी जावयांनीच विषय काढला. मी बघतो म्हणाले, नाहीतर आमच्याकडचे दुसरे डॉक्टर बघतील. हे म्हणाले, अहो, एवढंसं आहे, बसत आलंय, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना उद्या दाखवतो. जावई गरीब स्वभावाचे. सासऱ्याची चादर ओढून काढणार थोडेच! उठताना एवढंच म्हणाले की उद्या नक्की दाखवा, आणि आत्ता लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. लाली रेघेच्या बाहेर गेली किंवा ताप आला, तर एक क्षण थांबायचं नाही, थेट इस्पितळात यायचं. मलाही बाजूला घेऊन तेच सांगितलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे हे गेले, पण दाखवायला नाही. नुसतं सांगून गोळ्या घेऊन आले. ते मला फार पुढे कळलं. मी आपली डोळ्यांत तेल घालून. सकाळ झाली की विचारायची, रेघेच्या आत आहे ना? हे न्हाणीघरातून ओरडून सांगायचे, आत आहे. संध्याकाळी दुकानातून आले की परत तेच. बघू द्या म्हटलं की दार लावून घ्यायचे. मी जावयांना फोनवर कळवायची, रेघेच्या आत आहे हो. ते म्हणायचे, तरी घेऊन या एकदा. मी ह्यांच्या मागे लागायची आणि हे म्हणायचे, आत आहे म्हटल्यावर कशाला?

खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं खोटं मला आवाजावरून कळतं, आणि तो आवाज खोटा नव्हता. चालताना पाय फाकवून टाकायचे, स्टुलावर एका अंगावर बसायचे, चेहरा काळवंडलेला. पण रेघेच्या आत आहे म्हटल्यावर मी तरी काय बोलणार?

मग एका दुपारी शेजारचा न्हावी ह्यांना धरून घरी घेऊन आला. कात्री हातात धरल्या धरल्या थरथरायला लागले होते. अंग तव्यासारखं, बोलणं तुटक. इस्पितळात जावयांनी पँट कापूनच काढली. मी तिथेच होते. लाली मांडीवरून गुडघ्यापर्यंत आणि वर पोटापर्यंत चढली होती, मधलं कातडं काळंनिळं. आणि त्या लालीच्या कडेकडेने, अगदी नेमकी, पांढरी खडूची रेघ.

जावयांनी विचारलं, रेघ कधी मारली? ह्यांना शुद्ध होती. म्हणाले, "सकाळी. खडू पुसला जातो हो दिवसभरात. रोज नवी मारतो." जावई म्हणाले, मी पेनाने मारायला सांगितली होती. तर हे त्या तापातही एखाद्या शिकाऊ पोराला समजावून सांगावं तसे म्हणाले, "कपड्याला पेन लावायचं नसतं. डाग निघत नाही."

पुसलेली खूण परत मारायची, हे ह्यांच्या हातात इतकं मुरलेलं की काल कुठे होती हे बघायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. रोज सकाळी जिथे लाली, तिथे रेघ. मग आतच असणार ना! जावई भिंतीकडे तोंड करून जरासे उभे राहिले आणि मग ऑपरेशनच्या कागदावर सही घ्यायला माणूस पाठवला. मला मात्र त्या क्षणी ह्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि पाय धरावेसे वाटले, दोन्ही एकदमच.

कुजलेलं मांस कापून काढलं. एकदा काढून भागलं नाही, पुन्हा पुन्हा आत न्यावं लागलं. साखर इतकी चढलेली की आधी ती उतरवायची का आधी कापायचं, ह्यावरच त्यांची धावपळ. हे जगतील की नाही, हे लेक मला सांगेना आणि मी तिला विचारीना. जगले. मग जखम भरायला महिनेच्या महिने. पट्टी बदलायला नर्स होती, पण जावई रोज स्वतः यायचे. हे तोंड भिंतीकडे फिरवून, डोळे मिटून पडायचे. एक दिवस न राहवून म्हणाले, "तुम्ही हे करताय, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

जावयांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाले, "बाबा, तुम्ही खरोखरच मेला असता."

त्यानंतर ह्यांनी तोंड फिरवलं नाही.

आता घरी आहेत. पाय पुरता वाकत नाही, पायडल मारता येत नाही. उभ्याने कापायचं काम करतात, शिवायला दुसरा कारागीर ठेवलाय. त्याची शिवण हातात घेऊन उलटी करून बघतात आणि तशीच खाली ठेवतात. पोटात इन्सुलिनची सुई मी देते, सकाळ-संध्याकाळ, बिनबोभाट घेतात. जे वाढेन ते खातात. ज्या ज्या गोष्टीसाठी मी तोंड फाटेस्तोवर ओरडले, ते सगळं आता हे न सांगता करतात.

परवा लेक-जावई जेवायला आले होते, जावयांची आईही होती बरोबर. पानं वाढून झाली होती. हे ताटावरून उठले, सगळ्यांच्या मध्ये येऊन उभे राहिले, सदऱ्याची बटणं काढून सदरा खुर्चीवर टाकला आणि बनियन वर केला. म्हणाले, "इथे काहीतरी आलंय. बघता का?" कुशीत लालसर, वाटाण्याएवढं. विहीणबाई पटकन खाली बघायला लागल्या. ह्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

जावयांनी हात धुतले, बोटाने दाबून पाहिलं, म्हणाले, बरं झालं लगेच दाखवलंत. लेकीने माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडायला हवा होता. हेच तर हवं होतं ना मला, इतकी वर्षं? पण हे तसेच उघडे उभे होते, हात वर धरून, झालं का म्हणून कुणी सांगेल ह्याची वाट बघत. माझ्याकडेही पाठ करून कपडे बदलणारा माझा माणूस त्या ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलाच नाही, हे मला तेव्हा कळलं. मी उठून ह्यांच्या अंगात सदरा घातला आणि बटणं लावली.