गादीवरची ओल

हे मी आजवर कोणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्या तर नाहीच नाही. आणि तरी बघा ना, सांगायला बसलो तर धीर धरवत नाहीये, जणू काही आनंदाची बातमीच द्यायची आहे! असं का होतं? कदाचित गोष्टीत बोंबील आहे म्हणून. बोंबीलचं नाव निघालं की मला थांबता येत नाही.

बोंबील म्हणजे आमचा बोका. फिकट रंगाचा, लांबडा, नुसती हाडं. अर्नाळ्याच्या मासळी बाजारात एका टोपलीमागे सापडला, तेव्हा शुभदानेच, म्हणजे माझ्या बायकोनेच, हे नाव ठेवलं. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे मांजर उंदरांपुरतं, त्याचे लाड कोण करतो? पण हा विरारच्या आमच्या फ्लॅटमध्ये आला, पहिल्याच दिवशी माझ्या पोटावर चढून झोपला आणि मी कामातून गेलो. साफ गेलो! ऑफिसातून येताना जिना धावत चढायला लागलो. चाळिशी उलटलेला माणूस मी.

भानगड एकच होती. बोंबील लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूसाठी ठेवलेल्या रेतीच्या डब्यात जायचा, वास घ्यायचा, पुढच्या पायाने जरासं उकरायचा, पाय झटकायचा — आणि बाहेर येऊन भलतीकडेच लघवीला बसायचा. पायपुसण्यावर. धुवायच्या कपड्यांवर. एकदा माझ्या इस्त्रीच्या शर्टांवर. त्याला डॉक्टरांकडे नेलं, लघवी तपासली, तब्येत ठणठणीत निघाली. डॉक्टर म्हणाले, बॉक्समधलं काहीतरी त्याला आवडत नाहीये, ते शोधा.

शोधा म्हटल्यावर मी पेटलोच. सुट्टीचा दिवस गेला की बॉक्ससमोर उकिडवा बसून. बाथरूममधून बॉक्स गॅलरीत नेला, गॅलरीतून कपाटामागे. झाकण लावलं, काढलं. मोठा टब आणला. सगळं बदललं, फक्त रेती सोडून. कारण रेती ही माझी स्वतःची अक्कल होती! इतका जवळ समुद्र असताना दुकानातून माती विकत कोण आणतं? मी स्कूटर काढून भुईगावला जायचो, किनाऱ्यावरून पिशवी भरून आणायचो आणि सोसायटीत भेटेल त्याला अभिमानाने सांगायचो.

तुम्ही इकडचे असाल तर एव्हाना हसला असाल. खारी रेती पावसाळ्यात वाळत नाही. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते, पायाला चिकटते. बोंबीलला ते पहिल्या दिवसापासून कळत होतं. मला कळायला फार वेळ लागला, आणि त्या वेळातच सगळं झालं.

शुभदाने खूप सोसलं. पण सोफ्यावर झालं त्या दिवशी तिने शांतपणे सांगितलं की आता एकदा जरी गादीवर नाहीतर सोफ्यावर केलं, तर हा अर्नाळ्याला परत जाईल. ती चिडली असती तर मी समजूत काढली असती. शांतपणे बोललेला शब्द तिने कधी फिरवलेला नाही, म्हणून मी घाबरलो.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. त्या इथून जवळच्याच नंदाखाल गावच्या. सासरे गेल्यापासून केळी-नारळाची वाडी एकट्या सांभाळतात. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, उजव्याचं पुढच्या महिन्यात व्हायचं होतं. डोळ्यांत वेळच्या वेळी औषध घालायला माणूस हवं, म्हणून तोवर मुक्काम आमच्याकडे. हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या. मायलेकी एकमेकींशी घरच्या बोलीत बोलतात, मला त्यातलं निम्मंच कळतं; मी समोर आलो की आई लगेच जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलायच्या. पदर सावरायच्या. जावयासमोर कधी पाय पसरून बसल्या नाहीत.

मी नुसता गोल गोल फिरतोय, कळतंय मला. सांगतो. सांगतोच.

त्या आल्यावर एका सकाळी मी चहासाठी उठलो. हॉलमध्ये आलो तर बोंबील दिवाणावर, झोपलेल्या आईंच्या कमरेला अगदी लागून. पाठ वाकलेली, शेपूट ताठ, डोळे अर्धे मिटलेले. ती मुद्रा मला पाठ होती. त्याचं झालं, त्याने चादर उकरल्यासारखं केलं, खाली उडी मारली आणि माझ्या पायाला अंग घासलं. आई गाढ झोपेत होत्या. मी काय केलं असेल? त्यांना उठवलं? नाही. बोक्याला उचललं, स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि उभा राहिलो. संपलं, आज हा जातो, एवढंच डोक्यात होतं.

मग आईंनी शुभदाला हाक मारली, अगदी बारीक आवाजात. मी दारात आलो. आई उठून बसल्या होत्या आणि हाताने साडी चाचपत होत्या. शुभदाला त्या त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं की झोपेत आपलंच झालं असं त्यांना वाटत होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं, सांगू? लाज? दया? नाही हो. मला आनंद झाला! असा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. वाचला! माझा बोंबील वाचला! हसू ओठांवर येत होतं, ते मी दाबलं. आणि पुढे होऊन, अगदी मायेने, म्हणालो, "वयानं होतं असं, आई. मनाला लावून घेऊ नका."

मला कोणी काही विचारलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोललो. त्यांच्या मनात अजून शंका होती — तोंडावर दिसत होती ती — आणि माझ्या त्या गोड वाक्याने ती पुसली गेली.

चादर मीच काढली. गादीवर फिनाईल मीच ओतलं, भरपूर, कारण मांजराच्या मुताचा वास वेगळा येतो आणि शुभदाचं नाक तिखट आहे. ती दारात उभी राहून बघत होती. तिचे डोळे भरून आले. माझ्या आईचं तुम्ही करताय, म्हणाली. तिने बहिणीला फोन केला, बहिणीने मावशीला. जावई असावा तर असा! आणि मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? मी ते कौतुक चवीने खाल्लं.

पुढेही तसं झालं. मांजर एकदा बसलेल्या जागी पुन्हा बसतं, हे मला माहीत होतं. तरी मी रात्री बोंबीलला खोलीत कोंडलं नाही. का कोंडलं नाही? कोंडलं असतं तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. गादीवर मेणकापड आलं. आईंनी संध्याकाळचा चहा सोडला, मग जेवणानंतरचं पाणी सोडलं. मोठ्या माणसांच्या डायपरचं पुडकं मेडिकलमधून मीच आणून दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यांना संकोच नको म्हणून. बघा, किती काळजी घेत होतो मी! त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि माझ्याकडे न बघता पदराखाली धरलं.

डायपर आणले त्याच आठवड्यात त्या नंदाखालला निघून गेल्या. उजव्या डोळ्याचं नंतर बघू, म्हणाल्या.

त्या गेल्यावर एका संध्याकाळी रेती बदलताना मूठभर हातात घेतली आणि ती तळव्याला चिकटून बसली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! धावत जाऊन दुकानातलं कोरडं लिटर आणलं, टब धुतला, भरला. बोंबील आला, उकरलं, बसला. नीट, व्यवस्थित, आत बसला! मी हॉलमध्ये अक्षरशः नाचलो. शुभदाही हसली. त्यानंतर आजतागायत त्याने बाहेर केलेलं नाही. आणि काही दिवसांनी शुभदाच सहज म्हणाली की आई गेल्यापासून गादी कोरडी आहे, म्हणजे आईचंच होतं. तेव्हाही खरं सांगायला वाट मोकळी होती. मी होकाराची मान हलवली.

उजवा डोळा तसाच राहिला. शुभदा मागे लागते, तिची बहीण लागते, आई कोणाचं ऐकत नाहीत. कोणाच्या घरी मुक्कामाला जात नाहीत. भाचीच्या लग्नालाही सकाळी गेल्या आणि अक्षता पडल्यावर परत फिरल्या. आता त्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नाही. फार थांबलात तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. केळीचा घड तयार झालाय का, हे त्या हाताने चाचपून बघतात.

गेल्या रविवारी आम्ही नंदाखालला जेवायला गेलो होतो. शुभदाने पुन्हा डोळ्याचा विषय काढला. माझ्या पानात केळफुलाची भाजी वाढताना मान जराशी वळवून, दिसणाऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघून आई म्हणाल्या, "तुम्ही माझं सगळं धुतलंत. पोटच्या मुलानं केलं नसतं. पुन्हा तुम्हाला तो त्रास द्यायचा नाही मला."

शुभदा माझ्याकडे बघत होती. आई वाढायच्या थांबल्या होत्या.

"त्रास कसला, आई," मी म्हणालो, आणि जेवायला लागलो.