दोन पायल्यांची बोली

धुळा मेंढपाळ माझ्याकडे पहिल्यांदा आला तो भांडायलाच. मी मुठा गावच्या शाळेत मास्तर होतो आणि त्याची मुलगी तुळजा चौथीत होती. "गुरुजी, पोरगी मेंढरांमागं वाचत चालती," तो म्हणाला. "परवा एक कोकरू वढ्यात पडलं. ह्याचं काय करायचं?" मी म्हणालो, कोकरं दुसऱ्या कुणाकडे दे आणि पोरगी माझ्याकडे. तो शाळेच्या पायरीवर तासभर बसून राहिला आणि मग बरं म्हणून निघून गेला. विचार करायचा असला की धुळा खाली बसायचा. त्याला उठवायला जाऊ नये, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तुळजा मॅट्रिक झाली, पुण्यात एका बोर्डिंगात राहून बी.ए. झाली आणि १९६३ साली तिला विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला. घोडं अडलं ते राहण्यावर. बोर्डिंग बी.ए.पर्यंतच ठेवून घ्यायचं आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात मुलींच्या जागा भरलेल्या. इकडे धुळाच्या भावाने, म्हसूने, एक सोयरीक आणून ठेवली होती. धुळाने पोरीला स्वच्छ सांगितलं, "आठ दिसांत निर्धास्त जागा गावली तर शीक. न्हाई गावली तर म्हसूला व्हय म्हनतो." तुळजा माझ्याकडे बघत राहिली, म्हणून मी सायकलीत हवा भरली.

पहिली जागा शिवाजीनगरला होती. मालक कचेरीत कारकून, खोलीला सिमेंटची फरशी, दाराशी नळ. मला जागा बघताक्षणी पसंत पडली. धुळा मात्र खोलीत गेलाच नाही. त्याने घराला एक फेरी मारली, अंगणात घोंगडं अंथरलं आणि त्यावर बसला. मग मालकाला विचारलं, "बोला, काय देताय?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्याकडे पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावून आणतो आणि चार रात्री कळप शेतात बसवून घेतो. लेंड्यांचं खत शेताला मिळतं, त्याबद्दल शेतकरी पायलीच्या मापाने धान्य देतो. किती पायल्या, हे आधी ठरतं. त्याला बोली म्हणतात. आता ही बोली शहरातल्या घरमालकाशी करायची नसते, हे मी धुळाला मुठ्यापासून शिवाजीनगरापर्यंत सांगत आलो होतो. त्याला ते पटलं नव्हतं. त्याचं म्हणणं, "माझी पोर शानी हाय. ती ज्याच्या घरात बसंल त्याचं भलंच हुईल. मग त्यानं नगं का द्यायला?"

कारकुनाने मला विचारलं, "भाडं तुम्ही देणार आहात की मी?" आणि दार लावून घेतलं. पुढच्या तीन ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच झालं. एका बाईंनी तर अंगणातून ऊठ म्हणून मोलकरणीकडून सांगवलं. मी मनातल्या मनात धुळाला इतक्या शिव्या दिल्या, की त्या तोंडाने मुलांना कविता शिकवायचीही मला लाज वाटावी.

सहाव्या दिवशी औंधला एक गृहस्थ भेटले. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, स्वतः पाण्याचे पेले आणले, मुलीचं कौतुक ऐकलं. धुळाने आपलं ठेवणीतलं विचारलंच. गृहस्थ मोकळे हसले. "सगळं देतो की. खोली देतो, जेवण देतो. भाडं नको, काही नको. आपल्याच घरची समजून राहू दे."

मी हात जोडले. धुळा उठला, घोंगडं झटकलं आणि चालू लागला.

रस्त्यावर माझा संयम सुटला. मी त्याला अडाणी म्हणालो, पोरीच्या मुळावर उठलास म्हणालो, आणखीही काही म्हणालो. तो ऐकत चालत होता. मी दमल्यावर म्हणाला, "गुरुजी, जो शेतकरी बिनबोलीनं मेंढरं बसवून घेतो ना, त्याचा डोळा लेंड्यांवर नसतो. कोकरावर असतो." थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "पानी कुनी आनलं? त्यानंच. बाईमानूस कुटं दिसलं का त्या घरात?"

मला दिसलं नव्हतं. खरं म्हणजे मी बघितलंच नव्हतं. ते गृहस्थ कदाचित देवमाणूसही असतील, मला ठाऊक नाही. पण मी एकटा असतो तर तुळजाला त्या संध्याकाळीच तिथे सोडून आलो असतो, एवढं खरं. त्या दिवसापासून मी धुळाच्या बोलीला हसणं सोडलं.

आठव्या दिवशी तो मला सूसला घेऊन गेला. तुळजाही बरोबर होती. तिने आपली ट्रंक घेतली नव्हती, आणि तिला आशा उरलेली नाही हे मला त्यावरून समजलं. सूसच्या चंद्राबाईंच्या शेतात धुळाने पूर्वी मेंढरं बसवली होती. बाई विधवा, पोटी मूल नाही, पाच एकर रान एकटीने राखून होत्या. सूसहून रोज पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन दहाबारा बायका पाषाणला जायच्या आणि पाषाणहून विद्यापीठाकडे बस होती. रस्ता धुळाच्या पायाखालचा होता.

त्याने अंगणात घोंगडं अंथरलं. "चंद्राबाई, दोन वर्सं पोरगी बसवायची हाय. काय देताय?"

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. जात्यापुढून उठून बाहेर आल्या आणि त्यांनी तुळजाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एक पायली. सुगीला."

"दोन."

"दोन कशाच्या? खाती किती, काम करती किती, मला काय ठावं?"

"वाचती लई," धुळा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही.

बाई घरात गेल्या आणि फडताळातून एक घडी केलेला कागद घेऊन आल्या. दिरांनी तो अंगठ्यासाठी आणून ठेवला होता. विहिरीच्या पाळीचा कागद आहे, असं त्यांना सांगितलं होतं. तुळजाने तो ओट्यावर बसून आधी मनात वाचला, मग मोठ्याने. विहिरीचं त्यात नाव नव्हतं. पाच एकर रान राजीखुशीने दिरांच्या नावावर करत असल्याचं लिहिलं होतं.

बाईंनी तिला तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग कागद घेतला, आत जाऊन चुलीत घातला आणि परत येऊन उभ्या राहिल्या.

"दोन पायल्या," त्या म्हणाल्या. "पर पोरगी माज्याच घरात निजंल. येगळी खोली न्हाई."

"मला बी येगळी नकोच हाय," धुळा म्हणाला. तुळजा रडत होती. माझेही डोळे भरून आले, ते मी सायकलीकडे वळून लपवले.

दोन वर्षं तुळजा तिथे राहिली आणि एम.ए. झाली. मधल्या काळात दिरांकडून आणखी तीन कागद आले आणि तिन्ही चुलीत गेले. तिला न्यायला धुळा आला तेव्हा मीही गेलो होतो. चंद्राबाईंनी दोन्ही सुग्यांचं धान्य आधीच पोचतं केलं होतं, त्यामुळे देणंघेणं काही उरलेलं नव्हतं. तरी त्या पायली घेऊन कणगीपाशी गेल्या आणि ज्वारी भरून आणली. धान्य मापताना पहिल्या पायलीला एक न म्हणता म्हणतात तसं "लाभ," म्हणत त्यांनी ती धुळाच्या घोंगड्यावर ओतली.

"बाई, बोलीची फिटली," धुळा म्हणाला.

"ही बोलीतली न्हाई. रान अजून माज्या नावावर हाय, त्याची हाय."

धुळाने ज्वारीची मूठ कपाळाला लावली, घोंगड्याची गाठ मारली आणि ओझं डोक्यावर घेतलं. आम्ही दाराबाहेर पडलो, तोच मागून बाईंनी विचारलं, "पुढल्या सालाला कोन बसवतूयास?"

धुळा थांबला. "म्हसूची पोर मॅट्रिक झालीया, बोर्डिंगात जागा गावली न्हाई," तो म्हणाला. "पर ती तुळजापरास शानी हाय. तिच्या तीन पडतील."

"तीन कशाच्या?"

धुळाने डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवलं आणि तो अंगणात खाली बसला.