बाबांच्या दारातला उतार

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबा चाकांच्या खुर्चीला खिळले. मुळगावच्या आमच्या घराच्या पायऱ्यांवर काँक्रीटचा उतार करायला मी भाड्याने छोटा मिक्सर आणला. निम्मा उतार झाला आणि भरल्या ड्रमासकट मोटर बंद पडली. काँक्रीटचा माल आतच घट्ट झाला असता.

पाणी मागायला आलेला एक ट्रकवाला हे बघत होता. त्याने तांब्या ठेवला, बाह्या सारल्या आणि ड्रमाला खांदा लावला. आम्ही ड्रम हातानेच फिरवत माल ओतला. उरलेला माल त्याने माझ्यासोबत फावड्याने कालवला. घाम पुसायचा तोही कोपरानेच, हात थांबवायचे नाहीत म्हणून.

"तुमची गाडी खोळंबली," मी म्हटलं.

"खोळंबांदे. माझ्या बापाशीक आमी उचलून भायर न्हेव. लाजेन तो डोळे मिटून घेय."

उतार पुरा झाल्यावर चहासुद्धा न घेता तो गेला. नाव विचारायचं राहिलं.

काँक्रीट पक्कं झाल्यावर एका सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला. आम्ही उठायच्या आत बाबा एका हाताने चाक आणि एका पायाने जमीन रेटत फाटकापर्यंत गेले होते. मांडीवर गरम पाव घेऊन परतले आणि आईला म्हणाले, "चहा टाक. आज मी आणलेत."