शॉकला स्वीडिशमध्ये काय म्हणतात

गंगाखेडला आमच्या शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. मुलगा स्वीडनला गेल्यापासून ते वहीत इंग्रजी शब्दांसमोर स्वीडिश शब्द लिहायला लागले. त्यातही धक्का आणि आश्चर्य हा त्यांचा खास प्रांत. वाटेत गाठून विचारायचे, "दचकणं न्यारं, थक्क होणं न्यारं. त्यांच्याकडं दोन शब्द हायत, माहितंय का?" स्वतः ते कशानं दचकल्याचं मी कधी पाहिलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी त्यांच्या घरातून किंकाळी आली. मी धावलो. कूलरमध्ये पाणी भरताना काकूंचा हात पत्र्याला चिकटला होता. हे खुर्चीत बसून, मांडीवर वही. मी मेन स्विच बंद केला, तशा काकू मटकन खाली बसल्या.

"लय जोरात शॉक बसला हो," त्या म्हणाल्या.

"ह्याला स्वीडिशमधी चॉक न्हाई म्हणत," हे मला समजावू लागले. "चॉक मनाला बसतो. विजेचा असला की स्टोट म्हणायचं."

"पाणी द्या की जरा," काकू म्हणाल्या.

"वात्तेन," असं म्हणून त्यांनी वहीचं पान उलटलं.

माठ त्यांच्या खुर्चीला लागूनच होता. पाणी मी दिलं.